दाराला कार्ड, कार्डाला कुंकू

उतराणीच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, तिसऱ्या दिवशी वारा पडला. आधीचे दोन दिवस तो असा काही सुटला होता की सुरतेतल्या उधन्याच्या पत्र्यांवर पोरांपेक्षा बापेच जास्त नाचत होते. आज गुरुवारी सकाळी सात वाजता मात्र निंबाचं पान हलत नव्हतं. गारठा होता. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलांचा धूर वर जायचं सोडून रस्त्यावरच बसून राहिला होता आणि रंगाचा आंबूस वास नाकातून निघायला तयार नव्हता. अशा हवेत धुडकू कानाला मफलर गुंडाळून कंप्युटर खात्याच्या मागच्या भिंतीशी मान वर करून उभा होता. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला तारेचा आकडा.

भिंतीतून चार एसींच्या पाठी बाहेर आलेल्या होत्या आणि चारींच्या जाळीत पतंगांचा गुलाबी मांजा अडकला होता. सुरती मांजा म्हणजे चिवट जात. काच लावलेला तो दोरा हळूहळू आत ओढला जातो, पंख्याला गुंडाळतो आणि एक दिवस पंखा गुदमरून बंद पडतो. म्हणून दर साली उतराण झाली की धुडकू ही भिंत विंचरायचा. बाईमाणूस केसांचा गुंता सोडवतं तशी. ओढायचं नाही, हिसका द्यायचा नाही. आकड्यावर दोरा घ्यायचा आणि बांबू फिरवत राहायचा.

तीन एसी झाले. चौथा कोपऱ्यातला, उंच. त्याला शिडी लागायची. धुडकू शिडी आणायला वळला आणि तेवढ्यात पुढून हाक आली.

"अरे धुडकूभाई! किधर गया? लोचो लाना है साहेब के लिये, गरम! और वो चौरस्ते से नहीं, टेसन के पास से!"

ती मॅनेजर ठाकोरभाईंची हाक होती. ठाकोरभाई गोल, गोरे, घाईचे. मनात एक काम असलं तर तोंडात चार असायची. धुडकूने चौथ्या एसीकडे एकदा पाहिलं, बांबू भिंतीला टेकवला आणि हरभऱ्याच्या डाळीचा तो वाफाळता सुरती लोचो आणायला सायकल काढली.

पाटीवर नाव 'तापी डेटा सेंटर' असं होतं. पण उधन्यात ते नाव पोस्टमनशिवाय कुणी घेतलं नाही, सगळे कंप्युटर खातंच म्हणत. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात, आणि ही इमारत मुळात बावन्न मागांचं खातंच होती. धुडकू त्यात सत्तर साली आला. बोरी नदीच्या काठचं, पारोळ्याकडचं त्याचं गाव. चुलत्याच्या मागोमाग गाडीत बसला, उधन्याला उतरला आणि दुसऱ्या दिवशी खात्यात तेलाची बुधली हातात आली. मागांना आणि वर फिरणाऱ्या लोखंडी शाफ्टाला तेल घालायचं काम. तेरा वर्षं त्याने ते केलं. त्या खडखडाटात डावा कान अर्धा गेला, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. बायको, धुरपदाबाई, बोलायला लागली की तो कान तिच्याकडे करायचा.

मग मालकाने माग विकले. शेडमध्ये फरशी बसली, वर थर्माकोलच्या पांढऱ्या पट्ट्यांचं छत टांगलं गेलं, चार एसी लागले आणि दोन लोखंडी कपाटं शेजारी ठेवावीत एवढं एक यंत्र येऊन बसलं. कापड बाजाराच्या व्यापाऱ्यांची बिलं आणि मिलांची पगारपत्रकं त्यातून निघायची. माग गेले तसे कामगारही गेले. कुणी बमरोलीला लागलं, कुणी पांडेसऱ्याला. धुडकू तेवढा राहिला. नव्या लोकांना पाण्याची टाकी कुठे, मेन स्विच कुठला, पावसात पत्रा कुठे गळतो हे सांगायला कुणीतरी हवं होतं. सांगता सांगता तो दारातल्या खुर्चीवर बसला, ती चौदा वर्षं.

आतल्या यंत्राला धूळ चालत नाही, म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. धुडकूने मागाच्या जुन्या लाकडाची बारा खणांची मांडणी स्वतः ठोकून केली होती. बस, तीच त्याची पहाऱ्याची वही. किती जोड बाहेर तितकी माणसं आत. बाहेर अनोळखी जोड दिसला की धुडकू आत जाऊन हात धरायचा. एकदा एक व्यापारी दुसऱ्याची बिलं बघायला गुपचूप आत शिरला होता. त्याच्या राजकोटी मोजडीने त्याला पकडून दिलं.

"काका, ये चप्पल का हिसाब मशीन में डाल दूँ क्या?" ललित त्याला चिडवायचा. ललित यंत्र चालवणारा ऑपरेटर. बाप अमळनेरचा, पण पोरगा उधन्यात जन्मलेला. घरात आईने अहिराणीत हाक मारली तरी हा हिंदीत ओ द्यायचा.

"तुन्ही चप्पल आधी खणात ठेव," धुडकू म्हणायचा. "रोज आडवी फेकस. हिसाब तठेच चुकस."

असं सुखाने चाललं होतं. मग गेल्या दिवाळीनंतर विमा कंपनीचं पत्र आलं. केंद्र जुनं झालं, व्यापाऱ्यांचा सगळा हिशेब यंत्राच्या टेपांमध्ये पडून आहे, आणि दाराला कुलूप म्हणजे साधं पितळेचं. हे चालायचं नाही. दार पोलादाचं करा, येण्याजाण्याची नोंद ठेवा, नाहीतर विमा नाही.

ठाकोरभाईंनी अहमदाबादचा इंजिनियर बोलावला. त्याने बोटभर जाडीचं पोलादी दार बसवलं, दारात वीतभर रुंदीची जाड काच ठेवली, शेजारी भिंतीवर चीर असलेली एक काळी डबी लावली. चिरेतून कार्ड फिरवलं की हिरवा दिवा लागणार आणि दार उघडणार. बाहेर यायला आतल्या बाजूला एक बटण. दारावर कॅमेरा. आत कोण आहे हे ठाकोरभाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसणार.

दार बसत असताना धुडकू इंजिनियरच्या मागे मागे फिरत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, दार झकास आहे. पण ही कागदाच्या खोलीकडची भिंत वर पत्र्यापर्यंत जात नाही. छताच्या वर मोकळंच आहे. मागांच्या वेळी हवा खेळावी म्हणून तशी ठेवली होती."

इंजिनियरने नकाशा उघडला. "काका, इथे बघा. भिंत पूर्ण आहे."

"कागदावर असेल," धुडकू म्हणाला.

"कागदावर आहे म्हणजे आहेच." इंजिनियर हसला, ठाकोरभाई हसले. धुडकूला वाटलं, शिकलेल्या माणसाने पाहिलंच असेल काहीतरी.

आणि मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठाकोरभाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. धुडकू कडेवरच टेकला.

"देखो धुडकूभाई, एक फरवरी से एजन्सी के दो गार्ड आयेंगे. युनिफॉर्मवाले. तुम को निकालता नहीं मैं. पलसाणा में सेठ का रंग का गोदाम है ना, उसके गेट पे. झाड है, छाव है, खुर्ची है. आराम!"

"खुर्ची इथंबी आहे, साहेब," धुडकू म्हणाला.

ठाकोरभाईंनी नजर कागदात घातली. ते वाईट नव्हते. त्यांना विम्याची परीक्षा पास करायची होती आणि धुडकू त्या परीक्षेत कुठे बसत नव्हता.

पलसाणा लांब. बमरोलीच्या खोलीवरून दोन गाड्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. पण धुडकूला खरं दुखलं ते निराळंच. सत्तावीस वर्षं ज्या पत्र्याखाली गेली, तिथून आता एका डबीमुळे उठायचं. ती डबीसुद्धा त्यानेच रोज फडक्याने पुसायची.

एवढं असूनही कार्ड मात्र त्यालाही मिळालं, पुसायला-झाडायला आत जावं लागतं म्हणून. भोगीच्या दिवशी ते तो घरी घेऊन आला. धुरपदाबाई तीळ लावून बाजरीच्या भाकरी करत होती. हात पुसत आली.

"हाई काय शे?"

"कार्ड. हाई फिरायं का दार उघडस."

"अन् किल्ली?"

"किल्ली नही. हाईच."

"मंग हाईच किल्ली शे की!" तिने कार्ड उजेडाकडे धरलं. त्यावर धुडकूचा रंगीत फोटो होता, डोळे वटारलेला. लग्नातसुद्धा त्याचा फोटो निघाला नव्हता. "बाई बाई! कसा दखी ऱ्हायनात, जशी कोणी चोरी करी ऱ्हायना!" ती हसली, पण कार्ड खाली ठेवेना.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीची पूजा झाली. नवी विळी, नवं सूप, नवी सायकल, घरात नवं काही आलं की धुरपदाबाईच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय ते वापरात यायचं नाही. कार्ड देवापुढे गेलंच. हळदीकुंकवाचं बोट कार्डाजवळ नेलं आणि तिथेच थांबलं. समोर धुडकूचा चेहरा. फोटोला कुंकू लावतात ते कोणाच्या, हे तिला ठाऊक होतं.

"अगं बया! तुमी तं जित्ता शेतस आजून!" म्हणून तिने कार्ड उलटं केलं. मागे आडवी काळी पट्टी होती, गुळगुळीत, जशी कुंकवासाठीच केलेली. तिने दिव्याच्या तेलाने माखलेल्या बोटाने त्या पट्टीवर हळद आणि कुंकू चांगलं ठसठशीत लावलं.

"आजून इतला जीव कसाले लावतस त्या दारले?" ती म्हणाली. "त्या तुमले पलसाणाले धाडी ऱ्हायनात."

"दारनी काय चूक त्यान्हात?" धुडकू म्हणाला आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं.

गुरुवारी पहाटे साडेसहाला केंद्रात पहिला तोच आला. कार्ड अंगठ्याने पुसलं, चिरेतून फिरवलं. लाल. पुन्हा फिरवलं, लाल. पाच-सहा वेळा दाबून फिरवलं तेव्हा हिरवा लागला. धुडकूने आत जाऊन फरशी पुसली, बाहेर आला आणि बांबू घेऊन मांज्याच्या मागे लागला. आठला ललित आला, त्याच्या मागून बिलं टाइप करणारी जयश्री. ललितचं कार्ड चौथ्या खेपेला लागलं. ते दोघं एकाच्याच कार्डावर आत गेले.

दहा वाजता दार तपासायला विमा कंपनीचे दस्तूरसाहेब आले. पारशी, 'त'चा 'ट' आणि 'द'चा 'ड' करणारे, उंच, वाकलेले, नाकावर चष्मा आणि मनगटावर बशीएवढं घड्याळ. त्यांनी लोचो दोनदा मागून घेतला, वर चिरलेला कांदा भुरभुरला, बोटं पुसली आणि म्हणाले, "हवे डरवाजो बटावो."

ललित आणि जयश्री मान द्यायला बाहेर येऊन उभे होते. ठाकोरभाईंनी ठेवणीतला शर्ट ओढून नीट केला आणि दार दाखवायला कार्ड फिरवलं.

लाल.

पुन्हा लाल. ठाकोरभाई हसले, कार्ड शर्टाला पुसलं. लाल. ललितने आपलं फिरवलं, जयश्रीने आपलं. लाल. दस्तूरसाहेब घड्याळाकडे पाहत राहिले.

"किल्ली असेल ना एखादी?"

"है ना साहेब, इमर्जन्सी की," ठाकोरभाई म्हणाले आणि काचेतून आत पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "अंदर के कपाट में."

तेवढ्यात दाराच्या काचेतून आतला पिवळा दिवा लुकलुकताना दिसला, मागोमाग बारीक टुंईटुंई ऐकू आली. ललितने काचेला नाक लावलं. "काका! चार नंबर का एसी गया!"

धुडकूची मान मागच्या भिंतीकडे वळली. चौथा. न विंचरलेला. आणि नेमका तोच यंत्राच्या अंगावर वारा सोडणारा.

"किती वेळ आहे?" दस्तूरसाहेबांनी विचारलं.

"पंधरा-वीस मिनट. बाद में मशीन गरम हो के बैठ जायेगी. पूरे मार्केट के बिल चल रहे हैं अंदर, सुबह से," ललित म्हणाला. त्याचा चिडवाचिडवीचा सूर कुठल्या कुठे गेला होता.

"आत कोणी आहे का? तो बटण दाबील," दस्तूरसाहेब म्हणाले.

ठाकोरभाई पडद्याकडे धावले आणि ओरडत आले, "दो आदमी है अंदर! पडदे पे लिखा है!"

"एक मैं, दूसरे काका," ललित म्हणाला. "बाहर आते समय बटन दबाया. बटन कहाँ किसी का नाम लिखता है?"

"आत कोणी नाही," धुडकू म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मांडणीकडे बोट केलं. "जोड नाही एकबी. सगळी माणसं बाहेर."

दस्तूरसाहेबांनी बारा रिकामे खण पाहिले, मग चौघांचे पाय पाहिले आणि चष्मा वर सरकवला. "बरोबर बोले छे."

धुडकू मात्र त्या काळ्या डबीकडे पाहत होता. चिरेच्या तोंडाशी काहीतरी चिकटलं होतं. पिवळं. थोडं लाल. त्याचा हात खिशातल्या कार्डावर गेला. काळी पट्टी अजून बोटाला तेलकट लागत होती.

त्या क्षणी धुडकूला गप्प राहणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. अहमदाबादहून इंजिनियर आला असता, दार सदोष म्हणून त्याच्या अंगावर गेलं असतं. दार नापास झालं असतं, तर गार्डही कदाचित आले नसते. हे सगळं त्याच्या मनात एकदम आलं आणि एकदमच त्याची त्याला लाज वाटली. आतून टुंईटुंई चालूच होतं, तान्ह्या पोराने पाळण्यातून कुरकुरावं तसं.

"साहेब," तो म्हणाला. "चूक मनी शे." आणि कार्ड उलटं करून पुढे धरलं.

ठाकोरभाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा त्या कार्डाइतकाच लाल झाला. "कंकू? कार्ड के उपर कंकू? अरे भगवान! ये क्या ट्रॅक्टर है? नारियल भी फोडना था ना!"

"बायकोने लावलं," धुडकू म्हणाला, आणि लगेच सुधारून म्हणाला, "फिरवलं मी."

जयश्रीने ओढणीचं टोक चिरेत घालून पुसायचा प्रयत्न केला. ओढणी पिवळी झाली, दिवा लालच राहिला. तेल आतपर्यंत गेलं होतं.

"बीजो कोई रस्टो?" दस्तूरसाहेबांनी विचारलं. "आत जायला?"

"नहीं साहेब!" ठाकोरभाईंना एवढ्या संकटातही अभिमान आवरला नाही. "मच्छर भी नहीं जा सकता! यही तो बनवाया है हम ने!"

धुडकूने डावा कान चोळला. आता बोललो तर ठाकोरभाई साहेबांसमोर उघडे पडणार. पलसाणा तर ठरलेलंच. आता तिथली खुर्चीसुद्धा जाईल.

"रस्ता आहे," तो म्हणाला. "भिंतीवरून."

त्याने चपला काढल्या, मांडणीच्या पहिल्या खणात नीट जोडून ठेवल्या आणि शेजारच्या कागदाच्या खोलीत शिरला. छपाईच्या कागदाची खोकी छातीएवढी रचलेली होती. तो त्यांवर चढला. छताची एक पट्टी हाताने वर ढकलली आणि पोकळीत डोकं घातलं. आपलं वय बावन्न आहे हे गुडघ्यांनी सांगितलं, पण हातांना जुनी खूण लगेच सापडली. शाफ्टाचा लोखंडी आधार. तेरा वर्षं रोज सकाळी तेलाची बुधली दातात धरून ज्याला लोंबकळलो तो. त्याने स्वतःला वर ओढलं आणि भिंतीवर घोड्यावर बसावं तसा बसला.

छताच्या वर अजून त्याचं खातं होतं. खाली फरशी आली, यंत्र आलं, पोलादी दार आलं. वर काही बदललं नव्हतं. पत्रा तोलणाऱ्या लाकडी कैच्या, कैच्यांवर चौदा वर्षांपूर्वीची कापसाची धूळ, पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची एक काडी. तेलाचा वाससुद्धा होता, किंवा त्याला तसा वाटला. इथून खाली बावन्न माग एकदम दिसायचे, आणि पत्र्याला पाठ लावून तो बिडी ओढायचा, कुणाला न दिसता. घटकाभर बसावंसं वाटलं. पण खाली टुंईटुंई वाढली होती.

पलीकडची पट्टी त्याने उचलली, पाय टेपांच्या कपाटावर टेकवला, कपाटावरून खुर्चीवर, खुर्चीवरून फरशीवर. दाराशी जाऊन बटण दाबलं. बोटभर जाडीचं पोलादी दार मऊ आवाज करत उघडलं.

समोर चौघंजण उभे होते. दस्तूरसाहेबांची नजर घड्याळावर होती.

"डोन मिनिट, चाळीस सेकंड," ते म्हणाले. मग मांडणीकडे पाहिलं. पहिल्या खणात झिजलेल्या टाचांचा एक जोड. "आत एक माणूस. बरोबर." आणि खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं.

ललित आत धावला. त्याने चौथ्या एसीचं बटण बंद केलं आणि दार उघडं ठेवून टेबलावरचे दोन पंखे यंत्राच्या तोंडाशी लावले. पाच मिनिटांत पिवळा दिवा शांत झाला. बिलांचं काम थांबलं नाही. प्रिंटर कर्रकर्र करत कागद ओकतच राहिला तेव्हा कुठे ठाकोरभाईंनी कपाळ पुसलं. मग धुडकूकडे वळले.

"ये भिंत का तुम को पहले से मालूम था?"

"सांगितलं होतं साहेब. इंजिनियरसाहेबांना. तुम्ही बी होता तिथं."

"कब?" ठाकोरभाई म्हणाले, आणि त्यांना आठवलं. नकाशा आठवला, आपलं हसणं आठवलं. ते खुर्चीत बसले आणि उरलेला लोचो पुढे ओढला. ठाकोरभाई हरले की खायचे.

दस्तूरसाहेबांनी चष्मा पुसला. "ठाकोरभाई, डरवाजो फर्स्ट क्लास. पण मी आज सही करणार नाही. भिंत पत्र्यापर्यंत चढवा. किल्ली बाहेर, तुमच्या तिजोरीत ठेवा. बाहेर जातानाही कार्ड लावा, म्हणजे पडदा खोटं बोलणार नाही. मी एप्रिलमां पाछो आवीस." ते थांबले. "आणि आ भाईने क्यां मोकलो छो?"

"पलसाणा," ठाकोरभाई घास गिळून म्हणाले.

"केम?"

का, या प्रश्नावर ठाकोरभाईंनी पुढचा घास तोंडात घातला.

"साठ-सत्तर केंद्रं बघितली मी," दस्तूरसाहेब म्हणाले. "दार सगळ्यांकडे असतं. घर कुठून उघडं आहे हे जाणणारा माणूस नसतो. तुमच्याकडे आहे, तर त्याला गोदामात ठेवता?" मग धुडकूकडे वळून म्हणाले, "अने टमे, बावा, कंकू डरवाजाने लगाडजो. कार्डने नहीं."

धुडकूने मान हलवली.

"भींत पूरी होने तक तो रुकना ही पडेगा तुम को," ठाकोरभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले. "मिस्त्री को कौन बतायेगा?"

भिंत मार्चात पूर्ण झाली. मिस्त्री विटा चढवत होता तेव्हा धुडकू खाली उभा राहून ओळंबा बघत होता. ज्या जागी तो बसला होता तिथे शेवटची वीट लागली तेव्हा त्याला थोडं चुकल्यासारखं झालं, पण थोडंच. शाफ्टाचा आधार मिस्त्रीने कापायला काढला होता. तो तेवढा त्याने विटांत तसाच दडपायला लावला. एप्रिलात साहेबांची सही झाली. एजन्सीचा गार्ड आला तो एकच, फाटकावर. पलसाण्याचं नाव मग कुणी काढलं नाही. ठाकोरभाईंना आठवत नव्हतं असं नाही. धुडकूने आठवण करून दिली नाही एवढंच. त्याला एक खाकी गणवेश मिळाला, टोपी कानांवर यायची, ती त्याने मांडणीच्या बाराव्या खणात ठेवली. डबीच्या वर गुजरातीत पाटी लागली: कार्डाची पूजा करू नये. आणि दसऱ्याला पोलादी दाराच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, धुरपदाबाईने स्वतः येऊन दोन बोटं कुंकू लावलं. ललितने पडद्यावर ते पाहिलं आणि आईला दाखवायला म्हणून त्याचं चित्र कागदावर छापून नेलं.

पण हे सगळं पुढचं. त्या गुरुवारी दस्तूरसाहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा साडेअकरा झाले होते. धूर वर गेला होता, ऊन पडलं होतं, आणि वारा पुन्हा हळूच सुटला होता. ठाकोरभाई आतून ओरडत होते, "जयश्री, अमदाबाद फोन लगाव! बोल, डबी साफ करने आओ! क्या लगा है वो मत बोलना!"

धुडकूने खुर्चीवर बसायला हात टेकले आणि उठला. आत ललित पंख्याचं टेबल यंत्राजवळ ओढत होता.

"काका, बैठो ना अब. बहुत हो गया आज का."

"चौथा राही गया," धुडकू म्हणाला.

त्याने मांडणीतून चपला घेतल्या, ललितची आडवी पडलेली चप्पल पायाने सरळ केली आणि शिडी खांद्यावर घेऊन मागच्या भिंतीकडे गेला. बांबू जिथे टेकवला होता तिथेच होता. चौथ्या एसीच्या जाळीत गुलाबी मांज्याचा गोळा जमला होता, मुठीएवढा. धुडकू शिडीवर चढला, आकड्यावर दोऱ्याचं टोक घेतलं आणि न ओढता, न हिसका देता बांबू फिरवू लागला.